आज रात्री एसी २६ वर ठेवा

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ही कळकळीची विनंती.

उन्हाळा चढतो आहे. रात्री जेवणं आटोपली की घरोघरी खिडकीतले एसी एकदम सुरू होतात. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट वीज ओढतो, म्हणजे वीस पंख्यांइतकी. तुमची इमारत बांधली तेव्हा हिशेब दिवे, पंखे आणि फार तर फ्रिजचा होता. आज त्याच जुन्या केबलवर कितीतरी पट जास्त भार पडतो. केबल तापते, डीपीचा फ्यूज उडतो. पाण्याचा पंप थांबतो, लिफ्ट मध्येच अडकते. शेजारच्या आजोबांचं ऑक्सिजनचं यंत्रही बंद पडतं.

हे तुम्ही टाळू शकता. एसी २६ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. खिडकीतल्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच जोराने चालतो. २६ वर तो मधूनमधून थांबतो, १८ वर बहुधा रात्रभर थांबतच नाही. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. एसीची जाळी धुवा. एसीभोवतीच्या फटी बुजवा. पश्चिमेच्या खिडकीला दुपारीच जाड पडदा ओढा.

गेलेली वीज परत आली की घाई करू नका. सगळ्यांच्या खोल्या तापलेल्या असतात, सगळे एसी एकाच क्षणी सुरू होतात आणि फ्यूज पुन्हा उडतो. एसीचं बटण आधीच बंद करून ठेवा. वीज आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. शेजाऱ्यांनाही सांगा.

याहून मोठं भय आगीचं आहे. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवू नका, कधीच नाही. त्याला स्वतंत्र जाड तार आणि स्वतंत्र एमसीबी हवा. मीटरच्या खोलीत सायकली, रद्दी, जुनं फर्निचर असेल तर आजच हलवा. जिना तिथूनच जातो, आणि आग लागली तर मुलाबाळांना त्याच जिन्याने उतरायचं आहे. सोसायटीच्या येत्या बैठकीत वायरिंगची तपासणी आणि वाढीव भाराचा अर्ज, हे दोनच विषय आधी घ्या.

आणि प्लग काळवंडला असेल, जळका वास येत असेल, तर मेन स्विच बंद करा. आजची रात्र पंख्याविना काढा, आणि सकाळी पहिला फोन वायरमनला करा.