विजेनें हृदयाची चिकित्सा

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचे संदेश अनियमितपणें उठूं लागले म्हणजे नाडीचा ताल बिघडतो. हे संदेश बहुधा फुप्फुसांतून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांच्या मुखाशीं उगम पावतात, असें फ्रान्समधील बोर्दो येथील वैद्यांनीं १९९८ सालीं दाखविलें. तेथील पेशी जाळणें किंवा गोठविणें हा रूढ उपाय. परंतु त्यांत शेजारच्या अन्ननलिकेस इजा होण्याचें भय असतें. नव्या उपायांत विजेचे क्षणमात्र, पण तीव्र आघात देऊन पेशींच्या आवरणास छिद्रें पाडितात. त्यांनीं हृदयाच्या पेशी लवकर मरतात. अन्ननलिका बहुधा बचावते. अमेरिकेंत यास डिसेंबर २०२३ मध्यें प्रथम मान्यता मिळाली.

तथापि नवें तें सर्वश्रेष्ठ, असें आम्ही मानीत नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६०७ रोग्यांच्या तुलनेंत वर्षाअखेर नव्या उपायास शेंकडा ७३, तर जुन्यास ७१ यश आलें. म्हणजे दोन्ही जवळजवळ समानच. शिवाय या आघातांनीं रक्तांतील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका आहेच. तेव्हां या शोधाचा खरा गौरव शेजाऱ्यास राखण्यांत आहे. विद्यार्थ्यांनीं शोधाची वार्ता वाचतांना ‘कशाच्या तुलनेंत?’ हें अवश्य विचारावें; आणि पालकांनीं घरच्या रोग्यासाठीं नव्या यंत्राचा हट्ट धरण्यापूर्वीं हाच प्रश्न वैद्यास करावा.