ओला, सुका आणि आईची चूल

पुण्यात मी ओला-सुका कचरा वेगळा देतो. 2008 मध्ये महापालिकेशी करार केलेल्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई दारात येतात, म्हणून जमतं.

गेल्या शनिवारी अणदूरला गेलो, तर आई वेफर्सची पाकिटं पाणी तापवायच्या चुलीत घालत होती. मी लगेच लेक्चर सुरू केलं, धूर विषारी असतो वगैरे.

"मग टाकू कुठं रं? भंगारवाला बी घेत न्हाई."

बोलती बंद!

लोखंड, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्यांना भाव आहे. त्या ती कधीच फेकत नाही. पाकिटात प्लॅस्टिकला ॲल्युमिनियमचा थर चिकटलेला, वेगळा करणं परवडत नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही. राज्याच्या 2018 च्या प्लॅस्टिकबंदीने कॅरीबॅगला पहिल्यांदा 5000 रुपये दंड लावला, पण कारखान्यातच पॅक झालेला माल वगळला.

माझं मत विचाराल, तर ग्रामपंचायतीने दोन डबे वाटण्याआधी आठवड्यातून एकदा फक्त ही पाकिटं गोळा करावीत. सिमेंट कारखान्याच्या भट्टीत 1400 अंशांच्या वर, कोळशाच्या जोडीला हे प्लॅस्टिक जाळता येतं. गाडीभाडं लागेल, ते पट्टीतून घ्या.

तोवर आईला "जाळू नको" कुठल्या तोंडानं सांगू?