तबकडीवरचे नाव आणि तबकडीतला आवाज

१. ‘द मेसेज’ हे १९८२ चे गाणे ग्रँडमास्टर फ्लॅशने घडवले, असे हिप-हॉपच्या इतिहासावरील अनेक याद्या बिनदिक्कत सांगतात. हे विधान चुकीचे आहे. चूक क्षुल्लकही नाही, कारण ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह’ या समूहाने खरोखर काय कमावले आणि काय गमावले, हे दोन्ही ती झाकून टाकते.

२. फ्लॅश म्हणजे जोसेफ सॅडलर. जन्म बार्बाडोसचा, वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे. गायन थांबून केवळ ताल उरतो त्या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. ब्रेक लांबवण्याची कल्पना कूल हर्कची. तिला अचूकता दिली फ्लॅशने. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या, त्यांवर केलेल्या खुणा आणि पुढचा तुकडा हेडफोनमध्ये आधी ऐकण्याची सोय, एवढ्या सामग्रीवर तो काही सेकंदांचा ब्रेक हवा तितका वेळ, ताल न चुकता, चालू ठेवी.

३. त्याच्यासमोर पाच एमसी: काउबॉय, मेली मेल, किड क्रिओल, स्कॉर्पिओ आणि राहीम. ही कला उद्यानांत आणि क्लबांत, श्रोत्यांसमोर घडत होती. तिची कीर्ती हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवरून पसरली. कंपन्यांच्या दप्तरात तिची नोंद नव्हती.

४. १९७९ मध्ये न्यू जर्सीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या शुगर हिल कंपनीने ‘रॅपर्स डिलाइट’ काढले आणि रॅप बाजारात आला. मात्र स्टुडिओत ताल धरायला पगारी वादक होते. ज्याच्याभोवती सारा खेळ उभा राहिला होता, तो डीजेच तिथे अनावश्यक ठरला. फ्लॅशचा समूह १९८० मध्ये याच कंपनीत आला.

५. अपवाद एकच, पण ठळक. १९८१ चे ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’. सुमारे ७ मिनिटांच्या या ध्वनिमुद्रणात शिक, क्वीन आणि ब्लाँडी यांच्या तबकड्या फ्लॅशच्या हातांखाली एकमेकींत मिसळतात. फ्लॅशचे कर्तृत्व ऐकायचे असेल, तर ते इथे आहे.

६. ‘द मेसेज’मध्ये ते नाही. गाण्याची मूळ कल्पना कंपनीतील वादक एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याची. नाचायला आलेल्या लोकांना वस्तीतले दैन्य कोण ऐकवणार, म्हणून समूह नाखूश होता. रॉबिन्सन यांनी आग्रह सोडला नाही. अखेर फ्लेचरसोबत एकटा मेली मेल गायला. शेवटचा संवादाचा तुकडा वगळता इतरांचा त्यात वाटा नाही. चित्रफितीत तर फ्लेचरच्या कडव्यांवर राहीम ओठ हलवतो!

७. यावर काहींचे म्हणणे असे की, नाव समूहाचे होते, मग बिघडले काय? बिघडले ते हिशेबात. नाव म्हणजे करार आणि करार म्हणजे पैसा. १९८३ मध्ये रॉयल्टी आणि नावाचा हक्क यांसाठी फ्लॅशला कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. समूह दुभंगला. त्याच वर्षीचे ‘व्हाइट लाइन्स’ मेली मेलचे. फ्लॅशचा त्यात सहभाग नाही, तरी आजही ते त्याच्याच नावावर खपते.

८. म्हणून कंपनीला खलनायक ठरवून मोकळे होणे, हाही आळसच. ‘द मेसेज’चे मोल प्रथम ओळखले ते रॉबिन्सन यांनीच. फ्लॅशच्या चाहत्यांना हे कटू सत्य गिळावे लागेल. आणि या सगळ्यात सर्वाधिक विस्मृती वाट्याला आली ती फ्लेचरच्या.

९. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी पहिली ५० ध्वनिमुद्रणे निवडली. त्यांत ‘द मेसेज’ होते. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळवणारा हा पहिला हिप-हॉप समूह ठरला. सन्मान रास्तच आहे. पण समूहाची थोरवी ‘द मेसेज’वरून सांगणे म्हणजे एकाचे श्रम दुसऱ्याच्या खात्यावर मांडणे.

१०. बखरीतले प्रत्येक वाक्य पारखून घेणारा अभ्यासक तबकडीवरच्या नावापुढे मात्र मान तुकवतो. तबकडीवरचे नाव हाही एक दस्तऐवजच. तो कोणी, कशासाठी छापला, हे विचारायलाच हवे. त्या नावावरून माल कोणी विकला हे कळते, वाजवला कोणी हे कळत नाही. ‘व्हील्स ऑफ स्टील’ फ्लॅशचे, ‘द मेसेज’ फ्लेचर आणि मेली मेलचे. ज्याचे त्याला दिल्याने कोणीही लहान होत नाही.