पाहुण्याला खिचडी वाढायला लाज कसली?

बुधवारी संध्याकाळी सात वाजता ‘आम्ही पुण्यात आलोय, तासाभरात पोचतो’ असा फोन येणं मराठवाड्यातून पुण्यात येऊन स्थिरावलेल्या मुस्लिम घरांना नवं नाही. कुणाचा दवाखाना असतो, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाला मुलीसाठी स्थळ पाहायचं असतं. फोन ठेवला की घरात पहिला प्रश्न ठरलेला: मटण आणायला कोण जातंय? मला या प्रश्नाचा कंटाळा आलाय. पाहुण्यांचा नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर हे वाचून फुप्पूंचाच पहिला फोन येईल.

पाहुणा म्हणजे बिर्याणी हे समीकरण कधी पक्कं झालं कोण जाणे. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात बिर्याणी लग्नाकार्याला व्हायची. अचानक आलेल्या माणसाला खिचडी, दालचा, अंड्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि ठेचा मिळायचा आणि तो तृप्त होऊन जायचा. आज ऑफिसातले मित्र गंमतीनं ‘तुमच्याकडे काय, रोज बिर्याणी!’ म्हणतात तेव्हा आपण हसून सोडून देतो. पण त्यांच्या डोक्यातलं ते चित्र हळूहळू आपल्याच डोक्यात येऊन बसलंय. पाहुण्यापुढे मटण नसेल तर आपण त्याचा मान ठेवला नाही असं आपल्यालाच वाटायला लागलंय.

यात पैशाचा भाग आहेच. 2015 च्या मार्चमध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि सामान्य घरातलं आठवड्यातलं स्वस्त कालवण गेलं. म्हशीचं मिळतं, पण सगळीकडे नाही आणि पूर्वीच्या निर्धास्तपणे नाही. बकऱ्याचं मटण किलोला सातशेच्या पुढे. महिन्याच्या वीस तारखेला सहा माणसांसाठी दीड किलो आणणं म्हणजे काय, हे ज्याला घर चालवायचंय त्यालाच विचारा. तरीही आणलं जातं, उधारीवर आणलं जातं. येणाऱ्यालाही ते कळतं, कारण त्याच्या घरीही हेच चालतं.

याचा परिणाम असा की माणसं यायची कमी झाली आहेत. खोटं नाही सांगत. दोन दिवस तपासण्यांसाठी येतात आणि दवाखान्याजवळच्या लॉजवर उतरतात. परत जाताना स्टेशनवरून फोन करतात, ‘तुम्हाला कायकू तकलीफ?’ आलेच तर दारातच सांगतात की जेवून आलोय. चेहऱ्यावर दिवसभराची भूक दिसत असते. आपण सख्ख्या खालाच्या मुलाला लॉजवर पाठवलं ते आपल्या कंजूषपणानं नव्हे, आपल्या तकल्लुफनं. मला ही गोष्ट बिर्याणीच्या खर्चापेक्षा जास्त लागते.

वडीलधारी मंडळी यावर दीनाचा दाखला देतात. हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांनी अनोळखी पाहुण्यांपुढे भाजलेलं वासरू ठेवलं, कुरआनात आहे. बरोबर आहे. पण तो प्रसंग नीट वाचावा. त्यांनी उशीर लावला नाही, पाहुण्यांना ‘काय आणू’ असं विचारत बसले नाहीत, गुपचूप घरात गेले आणि वासरू घेऊन आले. बाजारात उधारी करायला गेले असं तिथे कुठेच नाही. आणि आपल्या रसूलुल्लाहांनी (स.) घरात तोंडीलावणं विचारलं, सिरक्याशिवाय काही नाही असं कळलं, तेव्हा तोच मागवून त्याची तारीफ करत ते जेवले, ही हदीसही आपण मदरशात शिकलेलोच आहोत. दोघांचं जेवण तिघांना पुरतं, हेही त्यांचंच सांगणं. पाहुण्याचा पहिला दिवस खास असावा हे मान्य. पण खास म्हणजे महाग, हा अर्थ आपण लावलेला.

मग बुधवारी रात्री करायचं काय? माझं उत्तर खिचडी-खट्टा. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि हे जेवण त्या सगळ्या मुलखाचं. तीन वाट्या तांदळाला एक वाटी मसूर डाळ. कांदा लालसर परतायचा, आलं-लसूण, हळद, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, आणि दुप्पट पाणी. पाणी आटत आलं की पातेलं तव्यावर ठेवून दम द्यायचा, म्हणजे खाली लागत नाही. कुकरमध्येही होते, पण मोकळी होत नाही, आणि ही खिचडी मोकळीच हवी. तोवर चिंच कोमट पाण्यात भिजलेली असते. तिच्या कोळात भाजलेल्या तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट, गॅसवर भाजून चुरडलेली हिरवी मिरची, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, मीठ. वरून जिरं, सुकी मिरची, कढीपत्त्याचा बघार. उकळायचं नाही, उकळलं की ती आमटी झाली. सोबत कांदा घातलेली आम्लेटं, तळलेले पापड, लोणचं. फ्रीजमध्ये पाव किलो खिमा असला तर सोन्याहून पिवळं, नसला तर कुणाचं काही अडत नाही. पाऊण तासात सात माणसं जेवतात. सातातल्या एकाला डॉक्टरनं तेलकट बंद केलेलं असतं, त्याच्या ताटात फक्त खिचडी आणि थोडा खट्टा, आणि त्याला वेगळं काही करावं लागल्याचा संकोच वाटत नाही.

या पाऊण तासाचा खरा फायदा कुणाला होतो तेही बोलू. बिर्याणी करायची ठरली की पाहुणे बाहेरच्या खोलीत आणि घरातली बाई साडेदहापर्यंत ओट्याशी. ती दिवसभर नोकरी करून आलेली असते, सकाळी सहाला तिला परत उठायचं असतं. ज्या फुप्पू तिला भेटायला आल्या, त्यांच्याशी तिचं बोलणं होतं ते निरोपाच्या वेळी, दारात, चपला घालता घालता. ‘भाभीच्या हातची चव!’ म्हणून तारीफ होते आणि तारीफ करणारे पुरुष दस्तरखानावरून उठून हात धुवायला जातात. खिचडीच्या दिवशी फुप्पू स्वयंपाकघरातच मोडा घेऊन बसतात, चिंच कोळता कोळता गावाकडच्या कोर्टकज्ज्याचं सगळं सांगतात. कांदा चिरायला मामूंना बसवता येतं. पापड तर पोरंही तळतात, निम्मे जाळतात हा भाग वेगळा.

ईदला बिर्याणी करूच, वलिम्याला करूच, आणि मनापासून करू. रविवारी सवडीनं येणाऱ्यांसाठीही करू. पण मधल्या वारी येणाऱ्यांना मी आता फोनवरच सांगते: खिचडी टाकतेय, येताना दही आणा. गेल्या वर्षी लॉजवर उतरलेला खालाचा मुलगा यंदा थेट घरी आला, तीन दिवस राहिला, आणि दही मात्र तिन्ही दिवस विसरला.