हात लहान कीं वाद्य मोठें?

पालकमंडळी मुलांचे सदरे वाढत्या अंगाचे शिवून घेतात, व तें शहाणपणाचेंच आहे. परंतु हाच न्याय गिटारीस लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. सैल सदरा अंगास दुखवीत नाहीं; मोठें वाद्य दुखवितें.

दोन वर्षांपूर्वीं पांचवींतील एक मुलगी वडिलांनीं हौसेनें घेतलेली पूर्ण मापाची गिटार घेऊन आमच्याकडे आली. करंगळी ताणतां ताणतां तिचें मनगट दुखूं लागे. अखेर एके दिवशीं, "सर, माझा हातच यासाठीं नाहीं," असें म्हणून तिनें वाद्य खालीं ठेविलें.

नायलॉनच्या तारांच्या अभिजात गिटारीची वाजती तार, घोडीपासून मानेच्या टोंकाच्या पट्टीपर्यंत, बहुधा ६५० मिलिमीटर असते. आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) ह्या स्पॅनिश कारागिराच्या वाद्यांवरून हें माप रूढ झालें. तें कांहीं शास्त्रवचन नव्हे. माद्रिदच्या रामिरेस कारखान्यानें पुढें ६६४ मिलिमीटरांच्याही गिटारी केल्या, आणि लहान हातांकरितां ६३० वा ६१५ च्याही होतात. ६५० च्या वाद्यांत पट्टीपासून चौथा पडदा सुमारें १३४ मिलिमीटरांवर येतो. ५८० च्या वाद्यांत १२० वर. चौदा मिलिमीटर म्हणजे केवढे, तें दहा वर्षांच्या करंगळीस विचारावें! (दुकानदार ह्या ५८० च्या गिटारीस 'तीन-चतुर्थांश' म्हणतात, हिशेब करूं जाल तर तो जुळणार नाहीं.)

मानेची रुंदीही पाहावी. पट्टीपाशीं ती साधारण ५२ मिलिमीटर असते. ४८ ची मान लहान हातास सोयीची. पण जाड बोटांच्या मुलास तीच अडचणीची, कारण एक तार दाबतांना शेजारची मुकी होते. म्हणून खरेदीस जातांना मुलास बरोबर न्यावें, तेथेंच बसवून चार बोटें पहिल्या चार पडद्यांवर ठेवावयास सांगावें, आणि मनगट कितपत वांकतें तें पाहावें. न सांगतां वाढदिवशीं भेट देण्याची हौस येथें आवरलेली बरी.

नवी गिटार सर्वांस परवडत नाहीं, हें आम्ही जाणतों. त्या मुलीच्या वडिलांसही तें शक्य नव्हतें. आम्हीं तिच्याच गिटारीच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो नांवाचा चिमटा बसविला. वाजती तार ५७९ मिलिमीटरांची झाली! वाद्य एका पूर्ण स्वरानें चढतें आणि मान रुंदच राहते, हें खरें. तथापि त्याच वर्षीं नाताळच्या उपासनेंत तिनें गायकमंडळास साथ केली. ह्या जूनमध्यें तिनें आपण होऊन कॅपो एक पडदा मागें सरकविला.