हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर कोणाच्या खर्चानं?

आपले शास्त्रज्ञ नुसते पेपर पाडतात, कंपन्या बिचाऱ्या नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहतात आणि दोघांची गाठ पडत नाही ती प्राध्यापकांच्या हस्तिदंती मनोऱ्यामुळे, हे निदान परवा एका परिसंवादात पुन्हा कानी पडलं. वक्ते उद्योगातले, आत्मविश्वास दांडगा. उपायही तयार होता: संशोधनाचे विषय उद्योगानं ठरवावेत, पगार उत्पादनाशी जोडावेत, दोन वर्षांत विकण्याजोगं काही निघालं नाही तर काम बंद. टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनीही वाजवल्या, अनुदानाचा प्रश्न असतो.

दोन वर्षांच्या अटीबद्दल एवढंच, की 1960 साली पहिला लेझर चालला तेव्हा त्याचं करायचं काय, हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. पगार उत्पादनाशी जोडल्यावर वर्गात शिकवणार कोण, तेही सांगून टाका.

मला खुपतो तो ‘कपाटात पडलेलं संशोधन’ हा टोमणा. रसायनशास्त्राचंच घ्या. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये विक्रिया तापली तर खाली बर्फाचं घमेलं सरकवलं की भागतं. तीच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये न्या. उष्णता हजारपट निर्माण होते, पण ती बाहेर पडायला भांड्याचा पृष्ठभाग शंभरपटच वाढलेला. भांड्याभोवतीच्या जॅकेटमधलं थंड पाणी पुरत नाही, तापमान चढतं, चढलं की विक्रिया आणखी जोर धरते आणि पाळीवरचा ऑपरेटर व्हॉल्व्हकडे धावतो. म्हणून फ्लास्कात झटक्यात ओतलेला पदार्थ इथे तासन्‌तास थेंबथेंब सोडावा लागतो आणि तेवढ्या वेळात नको त्या विक्रियांना रान मोकळं मिळतं. पुढे गाळणं. प्रयोगशाळेत ज्या स्फटिकांतून द्रव भर्रकन उतरायचा, तेच प्लांटमध्ये चिखल होऊन फिल्टरवर बसतात. हे सगळं निस्तरायला पायलट प्लांट, म्हणजे चाचणीपुरता छोटा कारखाना, लागतो आणि चार बॅचेस नासू द्यायची छाती लागते. विद्यापीठाकडे तेवढा पैसा नाही. कंपनीला हवी ‘सिद्ध’ प्रक्रिया. सिद्ध म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात, शक्यतो परदेशातल्या, चाललेली. जोखीम सरकारची, घाम विद्यार्थ्याचा, नफा तेवढा आपला! देशाचा संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1 टक्क्यालाही पोचलेला नाही आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, ते यावरून दिसतंच.

आम्हा प्राध्यापकांतल्या सोवळ्यांशीही माझं जुनं भांडण आहे. सल्ल्याचे पैसे घेतले की विज्ञान बाटतं, असं ते मानतात. त्यांना बरीच वर्षं समजावून पाहिलं. आता सोडून दिलंय.

गरज पडली की मनोऱ्याचा जिना उद्योगाला बरोबर सापडतो. 1970च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारलं, फक्त प्रक्रियेवर ठेवलं. नवी प्रक्रिया शोधणाऱ्याला बाजार मोकळा झाला. मग औषध कंपन्या सरकारी प्रयोगशाळांची दारं ठोठावू लागल्या. एचआयव्हीवरचं झिडोव्हुडिन सिप्लानं 1993 साली भारतात आणलं, ते हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत बसवलेल्या प्रक्रियेवर. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे माटुंग्याच्या यूडीसीटीत (आताच्या आयसीटीत), तर पहिल्यापासून कारखानदारांचा राबता आहे. तिथले प्रा. मनमोहन शर्मा आयुष्यभर कंपन्यांना सल्ला देत राहिले आणि 1990 साली रॉयल सोसायटीचे फेलोही झाले.

मग करायचं काय? कंपनीच्या इंजिनिअरनं पहिल्या महिन्यापासून प्रयोगशाळेत बसावं. पीएचडीच्या विद्यार्थ्यानं प्लांटवर रात्रपाळी काढावी. पायलट प्लांटचा निम्मा खर्च कंपनीनं द्यावा, आणि तो निष्कर्ष हाती येण्याआधी. याहून मोठी योजना माझ्याजवळ नाही. पण उद्योगातल्या मंडळींना एक विनंती: पुढच्या सामंजस्य करारावर सही करण्याआधी त्यात रकमेचा आकडा लिहा. आकडा नसेल तर प्राध्यापकांनी सही करू नये.