विमानात सायकल नेताना

घरी लाडू बांधतात, तोरण बांधतात, पण विमान? तेही बांधतात बरं का, मैत्रिणींनो! मुंबईत कांदिवलीला अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. अमेरिकेत तर हा छंद जुनाच. सुटे भाग मागवायचे आणि निम्म्याहून अधिक काम स्वतः करून गॅरेजमध्ये दोन आसनी विमान उभं करायचं. तुमची लेक किंवा भाची तिकडे अशा हौशी घरात पडली असेल, तर आजचं पान तिला जरूर कळवा.

हे विमान उतरतं लहानशा धावपट्टीवर. गाव तिथून दोन-चार मैल, आणि टॅक्सी मिळेलच असं नाही. मग सोबत सायकल न्यावीशी वाटणारच. घडीची ब्रॉम्प्टन सायकल ११-१२ किलोची. आसनांमागच्या जागेत अशा दोन मावूही शकतात. पण मावलं म्हणजे झेपलं, असं नव्हे!

‘आरव्ही-७’ या विमानाचं उदाहरण घ्या. त्यात सामानाची मर्यादा १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो. दोन सायकलींचे २४ गेले, उरले २१. त्यातच तंबू, कपडे, खाऊ. शिवाय विमानाचं एकूण वजनही मर्यादेत हवं.

त्याहून महत्त्वाचा तोल. स्कूटरच्या मागे गॅसचा सिलिंडर बांधला की पुढचं चाक कसं हलकं लागतं? विमानाचंही तसंच. मागे भार जास्त झाला की नाक वर जाऊ पाहतं, वेग पडतो, आणि मग विमान सावरणं कठीण होतं. या विमानात पेट्रोल जळत जाईल तसा तोल आणखी मागे सरकतो. म्हणून निघतानाचा हिशोब पुरत नाही, उतरतानाचाही मांडावा लागतो.

वजन अंदाजाने धरू नये. सायकल हातात घेऊन काट्यावर उभं राहावं, त्यातून आपलं वजन वजा करावं. आणि आपलं वजन सांगताना चार किलो चोरू नयेत! लाजेपोटी सांगितलेला आकडा इथे जिवाशी येतो.

बांधाबांध करताना एवढं सांभाळा:

० पेडल काढून ठेवावीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, उगाच जोर लावू नये.

० साखळीला जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे वंगण कशाला लागत नाही.

० सायकल पक्क्या पट्ट्यांनी विमानाच्या कड्यांना आवळावी. हवेत धक्का बसला की सुटी सायकल थेट डोक्यावर येते.

० विमान चालवण्याच्या दांड्यांना, तारांना काहीही अडता कामा नये.

० होकायंत्राजवळ लोखंड नको, दिशा चुकते.

आणि शेवटचं. विमान चालवणारे आपलेच यजमान असले, तरी निघण्यापूर्वी वजनाचा कागद मागून पाहावा. त्यात अविश्वास कसला? दूधवाल्याचा हिशोब आपण दर महिन्याला पाहतोच की! आकडा जुळत नसेल, तर एक सायकल खुशाल घरी ठेवावी. गावात दोघांनी आळीपाळीने चालवली तरी सहल होते.